सर्किटला पुठ्ठ्याचं घर

सर्किट जोडून झालं, चालायला लागलं, की पुढचा प्रश्न कवचाचा. उघडं ठेवलं तर धूळ बसते, आणि पाठीवरचे सोल्डरचे टोकदार ठिपके टेबलावरच्या एखाद्या किल्लीला टेकले की शॉर्ट सर्किट ठरलेलं. आपल्या मापाचं प्लास्टिकचं कवच तयार मिळेलच असं नाही. थ्रीडी प्रिंटरवर छापायचं तर तासन्‌तास जातात. अशा वेळी मी पार्सलचा रिकामा खोका समोर घेतो. माझी बरीचशी छोटी उपकरणं आता पुठ्ठ्यातच राहतात आणि व्यवस्थित चालतात. मात्र पुठ्ठ्याचा स्वभाव ओळखून त्याच्याशी वागावं लागतं.

खोक्याचा पुठ्ठा कडेने नीट पाहा. दोन सपाट कागद, आणि मधे नागमोडी वळवलेला तिसरा. नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतलं गेलं, तेही उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. पुढे १८७१ साली अमेरिकेत अल्बर्ट जोन्स यांनी तो काचेच्या बाटल्या गुंडाळण्यासाठी वापरला. मधल्या कागदाचं मुख्य काम म्हणजे दोन्ही सपाट कागदांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणं. पुठ्ठा वाकवायला गेलं की एका बाजूचा कागद ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो, आणि दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितका विरोधही जास्त. इमारतीतल्या लोखंडी तुळईचं तत्त्वही हेच. म्हणून फक्त ३ मिलिमीटर जाडीचा आणि बहुतांशी पोकळ असलेला पुठ्ठा सर्किट बोर्डाचं वजन सहज पेलतो.

पुठ्ठ्याचं नाव काढलं की पहिली शंका येते ती उष्णतेची. पुठ्ठा उष्णता अडवतो, मग चिप तापणार नाही का? शंका रास्त आहे, पण जरा हिशेब करून पाहू. १० सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि ३ उंच अशी पूर्ण बंद पेटी घ्या आणि तिच्यात ३ वॅट उष्णता निर्माण होते असं धरा. ढोबळ गणिताने, पेटी २ मिलिमीटर प्लास्टिकची असेल तर आतली हवा खोलीपेक्षा साधारण २५ अंशांनी तापते. ३ मिलिमीटर पुठ्ठ्याची असेल तर साधारण ३० अंशांनी. फरक जेमतेम पाच अंशांचा! कारण उष्णतेची खरी अडवणूक भिंतीला आतून आणि बाहेरून चिकटून राहणारी हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू सरकते. भिंत प्लास्टिकची असो की पुठ्ठ्याची, हे दोन अडथळे तसेच राहतात.

म्हणजे उपाय हवेला वाट करून देण्यात आहे. तळाशी काही भोकं आणि वरच्या बाजूला काही भोकं ठेवली की गरम हवा वरून निघते आणि तिच्या जागी खालून थंड हवा येते, चुलीच्या धुराड्यासारखंच. बोर्ड आडवा ठेवण्याऐवजी उभा ठेवला तर हा प्रवाह आणखी चांगला वाहतो. पेटीला चार छोटे पाय द्यायला विसरू नका, नाहीतर तळाची भोकं टेबलच बंद करून टाकतं. माझ्या एका पेटीत तापमान मोजणारा सेन्सर होता आणि तो सतत खोलीपेक्षा चार अंश जास्त दाखवायचा. सेन्सर बिघडला असं समजून मी बदललासुद्धा. दोष माझ्या मांडणीचा होता: मी तो मुख्य चिपच्या बरोबर वर बसवला होता. खालच्या भोकाजवळ हलवला आणि आकडे जुळले.

आता मापं. रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचा नेहमीचा बोर्ड ८५ बाय ५६ मिलिमीटरचा असतो. थोडी मोकळीक धरून आतली लांबी ८८ हवी असेल, तर घडीच्या दोन रेघांमधलं अंतर ९१ ठेवावं लागतं, कारण प्रत्येक घडी आतल्या बाजूने पुठ्ठ्याची अर्धी जाडी खाते. पहिल्या प्रयत्नात बोर्ड अडकतो तो बहुधा इथेच. घडीची रेघ कापायची नाही, दाबायची. शाई संपलेलं बॉलपेन आणि पट्टी घेऊन दोन-तीनदा रेघ ओढली की आतल्या नाल्या चेपतात आणि पुठ्ठा अगदी सरळ वळतो. ब्लेड मात्र नवं हवं. बोथट पात्याने पुठ्ठा चुरतो आणि तो भुसा कनेक्टरमध्ये जाऊन बसतो. जोडायला गव्हाच्या पिठाची खळ उत्तम; कारखान्यातही पुठ्ठ्याचे थर बहुधा स्टार्चच्या खळीनेच चिकटवतात. फक्त कोरड्या जागी ठेवा, नाहीतर खळीच्या आशेने कसर लागते. आणि एक फायदा आपसूक मिळतो: वाय-फायच्या लहरी कोरड्या पुठ्ठ्यातून जवळपास विनाअडथळा जातात. धातूच्या बंद पेटीत त्या अडतात.

पुठ्ठ्याचा खरा शत्रू पाणी. कागद हवेतली आर्द्रता शोषतो. हवा फार दमट झाली की पुठ्ठा सादळतो आणि त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. ओला पुठ्ठा वीजही थोडी वाहू देतो. म्हणून मोह होतो मेण चोपडायचा किंवा प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळायचा. मधमाश्यांचं मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि गरम चिपजवळ तेवढं तापमान सहज होतं. प्लास्टिक गुंडाळलं तर पुठ्ठ्याचा सहज पुन्हा कागद होतो हा फायदाच संपतो. माझ्या मते बाथरूम, बाल्कनी अशा जागांसाठी पुठ्ठा वापरूच नये.

आगीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कागद साधारण २३० अंशांना पेटतो, आणि चांगली चिप ८५ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करते, त्यामुळे नेहमीच्या वापरात धोका दूरच राहतो. पण शॉर्ट सर्किटमध्ये तार लालबुंद होऊ शकते. म्हणून ५ व्होल्टवर चालणारी, थोडी वीज खाणारी उपकरणंच पुठ्ठ्यात ठेवा. भिंतीच्या सॉकेटमधली वीज थेट आत जाणार असेल, किंवा लिथियम बॅटरी असेल, तर पुठ्ठा नको म्हणजे नकोच.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. अनेक प्लास्टिक कवचांत आग रोखण्यासाठी ब्रोमीनची संयुगं मिसळलेली असतात, त्यामुळे ते प्लास्टिक वेगळं काढून वितळवणं अवघड होतं आणि उघड्यावर जाळलं तर विषारी धूर होतो. पुठ्ठ्याच्या पेटीचा शेवट कसा होतो ते घरीच पाहता येतं. बोर्ड आणि स्क्रू काढून घ्या आणि पेटीचा एक तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. खळ सुटते, तिन्ही कागद अलगद वेगळे होतात, आणि ते बोटांनी चोळले की पाण्यात तरंगतात ते लाकडाचे तंतू, पुन्हा कागद व्हायला तयार.