फोन छातीला लावला, तरी डॉक्टरांना श्वास का ऐकू येत नाही?

फोनवर डॉक्टर ऐकतात, बोलतात. मग खोकणाऱ्या बाळाच्या छातीला फोन लावला की त्यांना छातीही ऐकू येईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. करून पाहा. पलीकडे कपड्याची खसखस पोचते, बाकी फारसं काही नाही. दोष एकट्या माईकचा नाही. माईकने टिपलेला श्वास फोन स्वतःच पुसून टाकतो!

श्वासनलिकांतून हवा भोवरे घेत जाते, त्यातून श्वासाचा आवाज होतो. तो मुख्यतः १०० ते १००० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा असतो. त्यातल्या वरच्या कंप्रता फुप्फुस आणि छातीची भिंत शोषून घेतात. त्वचेपर्यंत येतो तो प्रामुख्याने खालचा, खर्जातला भाग. पण साध्या फोन कॉलची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झ. बोलणं समजायला तेवढी पुरते, म्हणून तशी ठरवली गेली. श्वासाचा बराच भाग तिथेच कापला जातो.

त्यानंतर येतं गोंगाट कमी करणारं सॉफ्टवेअर, आणि खरी गंमत इथे आहे. ते प्रत्येक कंप्रता-पट्ट्यात सतत अंदाज घेतं: यात बोलणं किती, पंख्याची घरघर किती? बोलण्यात स्वर असतो, झपाट्याने चढउतार असतात. पंख्याच्या आवाजात सगळ्या कंप्रता मिसळलेल्या, संथ. श्वासही गणिताच्या नजरेला तसाच दिसतो, म्हणून वजा होतो. न्यूमोनियात डॉक्टर ज्यांना ‘क्रेप्स’ म्हणतात ते आवाज वेगळे. मिटलेल्या बारीक श्वासनलिका श्वास घेताना फटकन उघडतात; कानाजवळ केस बोटांत चोळल्यासारखा चुरचुर आवाज येतो. यातला एकेक टिचका काही मिलिसेकंदांचा. मोबाइल कॉलचा कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवणारं सॉफ्टवेअर, मात्र आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याचं वर्णन माणसाच्या कंठाच्या गणिती प्रतिमानात बसवतो. टिचका त्यात नीट बसत नाही. दम्यातली शिट्टीसारखी ‘व्हीझ’ जास्त वेळ टिकते, तिला सूरही असतो. ती त्यातल्या त्यात तग धरू शकते.

उपाय स्वस्त आहे. साध्या स्टेथोस्कोपच्या चकतीला जोडलेल्या नळीत कॉलर माईक घट्ट बसवायचा, आणि कॉल न करता आवाज रेकॉर्ड करून फाइल पाठवायची. अँड्रॉइड ७ पासून अ‍ॅपला प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय आहे, मात्र प्रत्येक फोन तो देतोच असं नाही. सेकंदाला ४००० नमुने घेतले तर २००० हर्ट्झपर्यंतचं सगळं टिपता येतं. नमुन्याला दोन बाइट धरले तर १५ सेकंदांची फाइल सुमारे १२० किलोबाइटची, म्हणजे फोटोपेक्षाही लहान. रेंज आली की जाते. मुंबईच्या आयआयटीतल्या चमूने आयुसिंक हा डिजिटल स्टेथोस्कोप केला, तो ब्लूटूथने फोनला आवाज देतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात रुग्णापासून अंतर राखून छाती तपासायला त्याचा उपयोग झाला.

नुसता आवाज ऐकून अ‍ॅपच निदान करेल, अशा जाहिरातींवर माझा विश्वास नाही. आजूबाजूला कोंबडं आरवलं, बाळ रडलं तरी अशा अ‍ॅपचा गोंधळ होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डम्मा’ ही प्रथा. भाजल्याने कुठलाच आजार बरा होत नाही, उलट जखम चिघळते आणि उपचाराचे तास वाया जातात.

श्वास मोजणं मात्र यंत्राविना जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने वाळूचं घड्याळ आणि मणी वापरून निरक्षर सुईणींनाही ते शिकवलं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. पण दम्याच्या धापेतही श्वास जलद होतो. क्रेप्स की व्हीझ, हे दूरच्या डॉक्टरांना ठरवता यावं म्हणून ती फाइल हवी. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध पीत नसेल, तर रेकॉर्डिंगमध्ये वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.