हात बसणे

हात बसणे म्हणजे एखादी गोष्ट इतक्यांदा करून होणं की पुढची पायरी आठवावी लागत नाही, हात आपसूक तिकडे जातो. तबला, टायपिंग, भाकरी थापणं, गाडीचे गिअर, सगळीकडे हेच. मानसशास्त्रात याला प्रोसीजरल मेमरी म्हणतात, पण आपला शब्द मला जास्त आवडतो, फक्त बसतं ते मेंदूत आणि नाव होतं हाताचं! हे ज्ञान सांगता येत नाही, करून दाखवावं लागतं. एटीएमचा पिन विचारला की कित्येक जण आधी हवेत बोटं फिरवतात आणि मग आकडे सांगतात.

ही स्मृती वेगळ्या खात्यात असते हे कळलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणारा भाग, बराचसा काढला आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, म्हणजे हात थेट दिसत नाही, फक्त आरशातलं उलटं चित्र दिसतं, आणि पेन्सिल भलतीकडेच पळते. तीन दिवसांत त्याच्या चुका भराभर कमी झाल्या, पण रोज त्याला वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. माणूस विसरला, हात नाही विसरला.

१९८७ मध्ये निसेन आणि बुलेमर या संशोधकांनी क्रमाचीच परीक्षा घेतली. चार जागी दिवे, खाली चार बटणं, दिवा लागला की त्याखालचं बटण दाबायचं, बास. दिवे दहा पायऱ्यांच्या एका ठरावीक क्रमाने फिरत होते पण ते कुणाला सांगितलं नव्हतं, तरी लोकांचा वेग वाढत गेला आणि स्मृती गेलेल्या पेशंटचाही वाढला, त्यांना तर क्रम आहे याचा पत्ताही नव्हता.

आता वेगाचं बघा. तबल्यावर ‘तिरकिट’ नवीन शिकणाऱ्यासाठी चार वेगळे आघात असतात, प्रत्येकाला बोट कुठे, चाटीवर (कडेला) की शाईवर (काळ्या गोलावर), असा विचार. काही महिन्यांनी तो एकच शब्द होतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, वादकाची बोटं सेकंदाला सोळा आघातांपर्यंत जातात, एवढ्यात आधीच्या आघाताची खबर मेंदूत पोचून पुढचा ठरवायला वेळच नाही, म्हणजे अख्खा गठ्ठा आधीच तयार असणार. या गठ्ठ्याला चंकिंग म्हणतात. मेंदूच्या आतल्या बेसल गँगलियाचा त्यात मोठा हात आहे, एमआयटीच्या अ‍ॅन ग्रेबिएल यांना उंदरांमध्ये दिसलं की वाट सवयीची झाली की तिथल्या पेशी मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी पेटतात, मधे शांत. पार्किन्सन्समध्ये हाच भाग बिघडतो, म्हणून साधं चालणंही विचार करून करावं लागतं, आणि जमिनीवर पट्ट्या आखल्या तर काही पेशंटची पावलं सहज पडतात.

रियाज किती करावा यावर सगळे बोलतात, मधे थांबण्यावर कमी. २०१९ मध्ये अमेरिकेत लोकांना बोटांनी ४-१-३-२-४ दाबायला दिलं, दहा सेकंद टायपिंग, दहा सेकंद विश्रांती, आणि सुरुवातीची बहुतेक सुधारणा दिसली ती टाइप करताना नाही तर त्या थांबण्यात. पुढे दिसलं की तेवढ्या वेळात मेंदू तोच क्रम साधारण वीसपट वेगाने आतल्या आत परत वाजवतो. झोपेनंतर वेग वाढतो असंही खूप छापून येतं, त्यातला काही भाग नुसता थकवा गेल्याचा आहे असं काही संशोधक म्हणतात आणि मला ते पटतं.

चुकीचाही हात बसतो, मेंदूला बरोबर-चूक काय माहीत. मी तबल्यावर अनामिकेऐवजी मधलं बोट वापरायचो, गुरुजींनी सुधारून घेतलं, विलंबित लयीत आता नीट पडतं पण लय वाढली की जुनं बोट अजून हजर.