तोळा
वस्तुमानाचे पारंपरिक भारतीय एकक. सोने, चांदी व औषधी द्रव्ये यांच्या तोलाईत रूढ. कोष्टक परिचितच आहे : ८ गुंजा = १ मासा, १२ मासे = १ तोळा.

मापाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुवर्णकर्ष (सोन्याच्या तोलाईतील ‘कर्ष’ हे प्राचीन वजन) ५ गुंजांचा माष व असे १६ माष, म्हणजे ८० गुंजांचा. तोळा ९६ गुंजांचा. तरीही काहीजण तोळा कर्षावरून आल्याचे मानतात. गुंजेचे बी सर्वत्र सारखे भरत नसल्याने निव्वळ गुंजा मोजून हा वाद मिटण्यासारखा नाही. दुसऱ्या मतानुसार तोळ्याचे वजन रुपयाच्या नाण्याशी बांधलेले आहे. शेरशाहचा (कार. १५४०–४५) चांदीचा रुपया सुमारे १७८ ग्रेन (ग्रेन हे इंग्रजी वजन, सुमारे ०.०६५ ग्रॅम) भरतो, आणि ‘रुपयाभार’ वजन पुढेही प्रचारात राहिले. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कंपनी सरकारने १८३३ च्या बंगाल विनियमाने तोळा १८० ट्रॉय (सोने-चांदी तोलण्याच्या इंग्रजी पद्धतीच्या) ग्रेनचा, म्हणजे ११.६६३८ ग्रॅमचा ठरवला. या आकड्यामुळे हिशेब बिनकसर बसतो : ८ तोळे = ३ ट्रॉय औंस; ८० तोळ्यांचा शेर = अडीच ट्रॉय पौंड; ४० शेरांचा मण = बरोबर १०० ट्रॉय पौंड (३७.३२ किग्रॅ.). मुंबईचा जुना मण मात्र २८ साध्या पौंडांचा, जेमतेम १२.७ किग्रॅ. होता. जुन्या दप्तरातला ‘मण’ कोणता हे ठरवल्याखेरीज त्याचे किलोग्रॅम करू नयेत.

१९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. पेढ्यांवर तोळा उरला, पण १० ग्रॅमचा. त्यामुळे जुन्या यादीतील ५ तोळ्यांचा दागिना ५८.३२ ग्रॅम भरायला हवा. आजच्या बोलीत पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम. दहा तोळ्यांच्या सोन्याच्या बिस्किटाने जुने माप सोडलेले नाही, ते ११६.६४ ग्रॅमचेच असते. आयुर्वेदाच्या अधिकृत योगसंग्रहात (औषधकृतींच्या संग्रहात) गुंज १२५ मिग्रॅ., मासा १ ग्रॅम व तोळा १२ ग्रॅम धरला आहे. तेथे कर्ष व तोळा एकच.