पहिली ओळ कितवी? लिस्ट कंट्रोलमागची पार्श्वभूमी

ऐरोली-नेरुळकडची डिप्लोमाची मुलं प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात एक ठरलेला प्रश्न घेऊन येतात. प्रोग्रामच्या पडद्यावरच्या लिस्टमधल्या निवडलेल्या ओळी काढायच्या आहेत, पण एखादी ओळ मागे राहते, नाहीतर लूप (ओळी एकेक तपासणारी फेरी) शेवटाकडे आला की प्रोग्राम कोसळतो. उत्तर अर्ध्या वाक्याचं आहे: लूप शेवटाकडून उलटा चालवा. पण हाच प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी ठाण्यात, नौपाड्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांवरच्या क्लासांतही विचारला जायचा. मधल्या काळात भाषा बदलली, टूल बदललं, सिलॅबसही बदलला. प्रश्न तोच राहिला, तेव्हा दोष नुसता मुलांच्या वेंधळेपणाचा नसावा. त्यामागे काही जुने निर्णय आहेत, आणि ते अजून निस्तरणं चालू आहे.

लिस्टबॉक्स, म्हणजे ओळींची यादी दाखवणारं पडद्यावरचं ‘कंट्रोल’, विंडोजमध्ये अगदी पहिल्या, १९८५च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत खिडक्या आणि याद्या पडद्यावर आल्या होत्या, पण ती गोष्ट सगळीकडे सांगून झाली आहे. आपल्या कामाचं एवढंच, की विंडोजचा लिस्टबॉक्स सी भाषेत लिहिणाऱ्यांसाठी बनला. त्याला संदेश पाठवायचा, तो आकड्यात उत्तर देणार. पहिली ओळ शून्य. काहीच निवडलेलं नसेल तर उणे एक, आणि चूक झाली तरी उणे एकच. सीवाल्यांना यात वावगं काही नव्हतं, कारण त्यांच्या अ‍ॅरेचा (एका रांगेतल्या घरांचा) पहिला घटक सुरुवातीपासून शून्य घरं लांब असतो.

१९९१ साली व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) आलं आणि हाच लिस्टबॉक्स माऊसने ओढून फॉर्मवर टाकता येऊ लागला. वेष्टन नवं, आकडे जुनेच. निवडलेली ओळ कितवी हे सांगणारा लिस्टइंडेक्स शून्यापासून, काही निवडलं नसेल तर उणे एक. ज्याने आधी ओळ न निवडता ‘डिलीट’ बटण दाबून एरर पाहिली नाही, असा विद्यार्थी मला तरी भेटलेला नाही.

ठाण्यात खरा रुजला तो व्हीबीचा सहावा अवतार, १९९८चा. एका मशीनवर दोघं, विंडोज ९८, आणि प्रोजेक्टचे विषय ठरलेले: व्हिडिओ लायब्ररी, मेडिकल स्टोअर, नाहीतर सोसायटीचं मेंटेनन्स बिल. सोसायटीचं बिल सर्वांत लोकप्रिय, कारण डेटा घरबसल्या मिळे. सेक्रेटरीकाकांकडून सभासदांची यादी आणायची, लिस्टबॉक्समध्ये भरायची आणि नावावर क्लिक केलं की बाकी रक्कम दाखवायची. एवढ्याशा कामात लिस्ट कंट्रोलचे सगळे खाचखळगे लागायचे.

पहिला खळगा सॉर्टिंगचा. सॉर्टेड ही प्रॉपर्टी चालू केली की लिस्टबॉक्स ओळी अक्षरांच्या क्रमाने लावतो, आकड्यांच्या नाही. नौपाड्यातल्या चार मजली इमारतींना त्याने काही बिघडलं नाही. १०१, १०२, २०१ हे अक्षरांनी लावा की आकड्यांनी, क्रम तोच येतो. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहिले आणि फ्लॅट नंबर १००१ हा १०१च्या डोक्यावर जाऊन बसला. प्रोग्राम तोच, फक्त इमारत उंच झाली. तळमजल्याच्या ००१ला आकडा समजून साठवणाऱ्यांचे पुढचे शून्य गळायचे, ते वेगळंच.

दुसरा खळगा: ओळीमागचा सभासद क्रमांक ठेवायचा कुठे? त्यासाठी आयटमडेटा नावाची जागा होती. दर ओळीमागे एक आकडा, डोळ्यांना न दिसणारा. सोय उत्तम, पण आकडा लाँग प्रकारचा, म्हणजे जास्तीत जास्त २१४७४८३६४७. एकाने त्यात सभासदाचा मोबाइल नंबर ठेवायचा घाट घातला. अठ्ठ्याण्णवपासून सुरू होणारा दहा आकडी नंबर काही त्यात मावत नाही. ‘ओव्हरफ्लो’ अशी पाटी आली आणि दोन दिवस तो पोरगा मशीनची रॅम कमी पडते म्हणून क्लासवाल्यांशी भांडत होता. तो पोरगा मीच.

शिवाय सॉर्टेड चालू असताना नवी ओळ शेवटी जात नाही, कुठेतरी मध्येच शिरते. ती कुठे शिरली हे न्यूइंडेक्स या प्रॉपर्टीला विचारूनच आयटमडेटा भरायचा असतो. हे न केल्यामुळे जोशांची थकबाकी पाटलांच्या नावावर गेलेली प्रोजेक्टं मी पाहिली आहेत.

आता मुख्य घोळ, ज्यासाठी हे टिपण लिहायला घेतलं. १९९५च्या विंडोजबरोबर लिस्टव्ह्यू नावाचं नवं कंट्रोल आलं. कॉलम, चिन्हं, चार प्रकारची मांडणी. तेव्हाच्या एक्स्प्लोररचा उजवा भाग म्हणजे तेच. विंडोजच्या पोटात त्याचीही मोजणी शून्यापासूनच. पण व्हीबीत ते आणताना त्याच्या ओळी ‘कलेक्शन’ (क्रमांकाने हाक मारता येणारा संच) म्हणून मांडल्या गेल्या आणि कलेक्शनची मोजणी ठेवली एकपासून. म्हणजे एकाच फॉर्मवर, शेजारी-शेजारी, लिस्टबॉक्सची पहिली ओळ शून्यावी आणि लिस्टव्ह्यूची पहिली ओळ पहिली.

बाजू घ्यायची तर दोन्हीकडे कारणं होती. एकपासून मोजावं म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की व्हीबी ही सामान्य माणसाची भाषा, आणि सामान्य माणूस हजेरी एकपासून घेतो. त्याच कंपनीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या, स्प्रेडशीटमध्ये पहिलं पान एक क्रमांकाचंच होतं आणि तिथून मॅक्रो लिहीत व्हीबीकडे आलेले लोक थोडेथोडके नव्हते. शून्यवाल्यांचं म्हणणं, अ‍ॅरे शून्यापासून, लिस्टबॉक्स शून्यापासून, मग मध्येच नियम कशाला मोडायचा? मला विचाराल तर कुठलाही एक आकडा चालला असता. दोन्ही ठेवले, हा गुन्हा. आणि ‘कलेक्शन एकपासून’ हा नियमही धड पाळला नाही, कारण व्हीबीतच फॉर्मवरच्या कंट्रोल्सचं कलेक्शन मात्र शून्यापासून मोजलं जायचं. कुठे काय, याला नियम नव्हता, पाठांतर होतं.

त्यात आणखी एक मेख. लिस्टव्ह्यूच्या ओळीतला पहिला कॉलम म्हणजे त्या ओळीचा स्वतःचा मजकूर, आणि पुढच्या कॉलमांना सबआयटम म्हणायचं. म्हणजे सबआयटम क्रमांक एक हा दुसरा कॉलम. पण कॉलमच्या मथळ्यांच्या यादीत दुसरा कॉलम दोन क्रमांकाचा. नाव, फ्लॅट, बाकी अशा तीन कॉलमांची यादी भरताना ‘बाकी’ला मथळ्यासाठी तीन म्हणायचं आणि रकमेसाठी दोन. क्लासात सर हे फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवत आणि डस्टर तिथे फिरू देत नसत.

व्हीबीची पुढची पिढी, व्हीबी डॉट नेट, बनत असताना हा वाद पुन्हा पेटला, तोही अ‍ॅरेवरून. दहा हा आकडा देऊन अ‍ॅरे घोषित केला तर जुन्या व्हीबीत शून्य ते दहा अशी अकरा घरं मिळत. पहिल्या बीटा (चाचणीच्या) आवृत्तीत ती दहा करण्यात आली. जुन्या व्हीबीवाल्यांनी आरडाओरडा केला आणि २००१ साली, पुढच्या बीटात, अकरा घरं परत आली. लिस्टव्ह्यूच्या बाबतीत तसा उठाव झाला नाही. २००२ साली आलेल्या पहिल्या डॉट नेटमध्ये त्याची मोजणी शून्यापासून झाली ती कायमची. सबआयटमांमध्ये शून्य क्रमांकावर खुद्द ओळीचा मजकूर बसवला, त्यामुळे दुसरा कॉलम पूर्वीसारखाच ‘एक’ राहिला. जुना कोड नव्यात आणताना ओळींचे सगळे आकडे एकाने कमी करायचे आणि सबआयटमांना हात लावायचा नाही. हे न कळल्यामुळे महापे-रबाळेकडच्या ऑफिसांत किती संध्याकाळी वाया गेल्या, त्याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही.

मराठीतली यादी हे आणखी एक प्रकरण. व्हीबी सहाच्या पोटात अक्षरं युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या सामायिक सांकेतिक आकड्यांत) असत, पण त्याची नेहमीची कंट्रोल्स पडद्यावर दाखवताना ती जुन्या कोडपेजात, म्हणजे एकेका लिपीपुरत्या छोट्या अक्षरसंचात, बदलून घेत. देवनागरीला विंडोजमध्ये असं कोडपेज कधी मिळालंच नाही, ती थेट युनिकोडमध्येच आली. त्यामुळे लिस्टबॉक्समध्ये युनिकोड मराठी टाकलं की प्रश्नचिन्हांची रांग. मग आसरा जुन्या फॉन्टांचा, ज्यांत मूळ अक्षर इंग्रजी आणि दिसणं मराठी. दिसायला सुरेख. पण सॉर्टेड चालू केलं की वर्णमालेचा पत्ता नाही, क्रम इंग्रजी कळांचा. आणि अशा बऱ्याच फॉन्टांत पहिली वेलांटी आधी टाइप करायची असल्यामुळे किरण, दिलीप, विनायक, शिवाजी ही सगळी मंडळी वेलांटीच्या एकाच कप्प्यात शेजारी-शेजारी जाऊन बसायची. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलेली अशी यादी पाहून एका आजोबांनी “हा कुठला बाराखडीचा क्रम?” असं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता.

डॉट नेटने हे मराठीचं दुखणं बरं केलं, पण नवशिक्यापुढे नवा पेच ठेवला. आता ओळ म्हणजे नुसता मजकूर नाही, अख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे सभासदाच्या सगळ्या माहितीचं एक गाठोडं. लिस्टबॉक्समध्ये सभासदाचा ऑब्जेक्टच टाकायचा. दिसायला काय दिसेल ते त्याच्या टूस्ट्रिंगवर, म्हणजे ऑब्जेक्टचा मजकूर करून देणाऱ्या कोडवर, अवलंबून. ते लिहिलं नाही तर वीस सभासदांच्या यादीत ऑब्जेक्टच्या प्रकाराचं (कोडमधल्या क्लासचं) नाव वीस वेळा दिसतं. किंवा यादी थेट डेटासोर्सला, म्हणजे जिथून माहिती येते त्या मूळ डेटाला, जोडायची. मग हाताने एक ओळ वाढवायला गेलं की डेटासोर्स असताना आयटम बदलता येणार नाहीत, अशी तंबी मिळते. तंबी योग्यच आहे. यादी आता मालक राहिली नाही, ती फक्त दाखवणारी खिडकी झाली. ओळ वाढवायची तर मूळ डेटात वाढवा. २००६ साली आलेल्या डब्ल्यूपीएफने (डॉट नेटमधल्या पडदे बनवायच्या नव्या पद्धतीने) हेच तत्त्व आणखी ताणलं, आणि तिथला लिस्टव्ह्यू तर लिस्टबॉक्सचाच वारस झाला. आधीच्या दोन पिढ्यांत त्यांचं काही नातं नव्हतं.

जावाकडचा घोळ आकड्यांपेक्षा नावाचा. १९९६च्या पहिल्या जावात पडद्यावरच्या यादीच्या क्लासला सरळ ‘लिस्ट’ म्हटलं होतं. १९९८च्या अखेरीस डेटा ठेवायच्या यादीलाही ‘लिस्ट’ हेच नाव दिलं गेलं. दोन्ही पॅकेजं तारांकन टाकून, म्हणजे त्यांतलं सगळंच, आयात केली की कंपायलर विचारतो, यातली कुठली? डिप्लोमाच्या अ‍ॅडव्हान्स्ड जावात लिस्ट आणि चॉइस वापरून फॉर्म बनवायचं प्रॅक्टिकल असतं, तिथे हा धोंडा हमखास लागतो. त्या पडद्यावरच्या लिस्टची आणखी एक खोड आहे: एकाहून जास्त ओळी निवडलेल्या असताना ‘निवडलेली ओळ कितवी’ असं विचारलं तरी ती उणे एकच सांगते. नवशिक्याला वाटतं काहीच निवडलं गेलं नाही. नावांची अशी अदलाबदल दुसरीकडेही झाली. क्यूटी या पडदे बनवायच्या लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत लिस्टव्ह्यू म्हणजे कॉलम आणि फांद्या असलेलं झाड; २००५च्या चौथ्या आवृत्तीत तेच नाव साध्या एकपदरी यादीला मिळालं. जुनं ट्यूटोरियल आणि नवी लायब्ररी अशी जोडी जमली की दिवस गेलाच.

पायथनची मुलं टीके ही पडद्यावरच्या कंट्रोल्सची लायब्ररी वापरतात. तिचा लिस्टबॉक्स शून्यापासून मोजतो, तर तिच्याच मजकुराच्या खिडकीत ओळी एकपासून आणि ओळीतली अक्षरं शून्यापासून. म्हणजे व्हीबी एकटंच दोषी नाही, एवढं समाधान. एका फॉर्मवर दोन लिस्टबॉक्स ठेवले आणि एकात काही निवडलं की दुसऱ्यातली निवड पुसली जाते, ही तक्रार मात्र टीकेचीच खासियत. कारण जुनं आहे. टीके जन्मली ती युनिक्सच्या एक्स विंडो या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीवर, आणि तिथे निवडलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणचा असतो. तो वारसा एक्सपोर्टसिलेक्शन नावाच्या पर्यायात विंडोजवरही चालू राहिला. तो बंद केला की झालं.

राहिला सुरुवातीचा ओळी काढण्याचा प्रश्न. तिसरी ओळ काढली की चौथी तिच्या जागी सरकते, आणि लूप मात्र पुढच्या जागेवर जातो. सरकलेली ओळ तपासलीच जात नाही. व्हीबीत लूपची शेवटची मर्यादा सुरुवातीला एकदाच ठरते, म्हणून शेवटी नसलेल्या ओळीला हात घालून प्रोग्राम पडतो. जावात मुलं अट म्हणून ओळींची संख्या दर फेरीला नव्याने विचारतात, त्यामुळे प्रोग्राम पडत नाही, नुसती ओळ मागे राहते. पडणारा प्रोग्राम परवडला. तो निदान ओरडतो.

व्हीबी सहाचा सपोर्ट २००८च्या एप्रिलमध्ये संपला. तरी वाशीच्या मार्केटातल्या एका गाळ्यावर त्यात लिहिलेली व्यापाऱ्यांची यादी मी गेल्याच वर्षी विंडोज १०वर चालताना पाहिली. लिस्टव्ह्यूची ओसीएक्स फाइल (ज्यात ते कंट्रोल साठवलेलं असतं ती) नव्या मशीनवर आपोआप येत नाही, ती हाताने नोंदवून द्यावी लागते, तेवढ्यासाठीच मला बोलावलं होतं. कोड उघडून पाहिला. वर कोणीतरी मराठीत शेरा मारून ठेवला होता: “इथे १ पासून. बदलू नये.”