क्लासिक ऑफ-रोडरचं पुनरुज्जीवन

बंद पडलेली किंवा जुनाट झालेली फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) गाडी, तेच नाव नाहीतर तोच चेहरा ठेवून, आतून जवळजवळ अख्खी नवी करून परत बाजारात आणणं, याला क्लासिक ऑफ-रोडरचं पुनरुज्जीवन म्हणतात. ठाण्यात याचे दोन प्रकार बघायला मिळतात, एक कंपनीचा आणि दुसरा वागळे इस्टेटच्या गॅरेजमधला, आणि दोन्हीकडे वाद एकच: जुन्या गाडीतलं काय ठेवायचं आणि काय काढून फेकायचं. कारण या गाड्यांची जी खोड तीच बऱ्याचदा त्यांची ओळख असते.

आपल्याकडची मूळ गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप. १९४०च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत तिचे सुटे भाग जोडून गाड्या बनवायला सुरुवात केली, पुढे त्याच घराण्यातून एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर असं करत करत २०१० साली थार आली. तोवर मुरबाड-शहापूरकडे जीप म्हणजे हौस वगैरे नव्हती, दहा-बारा माणसं कोंबून घाट चढणारी गाडी होती. २०१०ची थार पण तशीच रांगडी, मागे स्प्रिंगचे लोखंडी पाटे, वर ताडपत्रीचं हूड, आणि पावसाळ्यात घोडबंदर रोडवर निघालात तर डावा गुडघा भिजणार की उजवा एवढाच प्रश्न.

ही पिढी गेली ती नियमांमुळे. एप्रिल २०१९पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा), जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, ऑक्टोबरपासून क्रॅश टेस्ट आणि १ एप्रिल २०२०ला धुराचे कडक नियम म्हणजे बीएस-६, एकामागोमाग एक. १९८५पासून चालत आलेली मारुती जिप्सी याच सुमारास बंद झाली, जुन्या थारचा निरोप म्हणून फक्त ७०० गाड्यांची खास आवृत्ती निघाली. म्हणजे गाडी जिवंत ठेवायची तर ती नव्याने बनवण्यावाचून इलाज नव्हता.

नवी थार १५ ऑगस्ट २०२०ला दाखवली आणि २ ऑक्टोबरला ९.८० लाखांपासून किंमत जाहीर झाली. काय ठेवलं ते बघा: लॅडर फ्रेम (शिडीसारखी लोखंडी चौकट, जिच्यावर बॉडी बसते), गोल दिवे, दाराच्या बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्या, आणि लो रेशो (चढ-चिखलात कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) टाकायची हाताने ओढायची दांडी. बटण देता आलं असतं की, पण ती दांडी ओढताना जो खटका हाताला लागतो त्याचे पैसे लोक देतात (माझ्या मते तरी). फेकलं काय, तर मागचे पाटे, तिथे कॉइल स्प्रिंग आले, शिवाय ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टचस्क्रीन, पक्कं छत. जीपसारखी समोरासमोर तोंड करून बसायची मागची बाकडी सुरुवातीला एका व्हेरियंटमध्ये होती, ती लवकरच गेली. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये चार स्टार मिळाले, जुन्या गाडीकडून अशी अपेक्षासुद्धा कुणी केली नसती.

खरी गंमत नंतर झाली. जानेवारी २०२३मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली, १.५ लिटर डिझेल. हे इंजिन का, तर चार मीटरपेक्षा लहान गाडीत डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर टॅक्स कमी लागायचा, हे सरळ गणित. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, फोर-बाय-फोर नसलेली थार म्हणजे रस्सा नसलेली मिसळ वगैरे, पण गाडी विकली गेली, कारण घोडबंदर ते बीकेसी जाणाऱ्याला चिखल लागतोच कुठे, मेट्रोच्या कामात लागला तर तेवढाच. मग २०२४मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली आणि ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडल्यावर पहिल्या तासात १,७६,२१८ नोंदी झाल्या. मागची दोन दारं नव्हती म्हणून किती घरात ही गाडी अडली होती ते तेव्हा कळलं, आजीला पुढची सीट दुमडून मागे चढवणार कसं?

चेहरा ठेवणं वाटतं तेवढं सोपं नाही. सात फटींची जाळी ही अमेरिकन जीप कंपनीची ओळख, महिंद्राने अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी विकायला काढली तेव्हा तिच्या जीपसारख्या दिसण्यावरून २०१८पासून कज्जा चालला आणि शेवटी तिचं तोंड बदलावं लागलं. इंग्लंडमध्ये उलटं झालं: लँड रोव्हरने जुनी डिफेंडर २०१६मध्ये बंद केली, २०१९मध्ये नवी दाखवली ती लॅडर फ्रेम सोडून, आणि जुन्या आकाराची हौस दुसऱ्याच कंपनीच्या ग्रेनेडियर नावाच्या गाडीने भागवली. फोर्डची ब्रॉन्को १९९६ला थांबून २०२१मध्ये परत आली, दारं-छप्पर काढता येतात हे मात्र जपून ठेवलं. जुनं रूप परत आणलं म्हणजे गाडी चालतेच असंही नाही, मारुतीची पाच दारांची जिम्नी इथे थंड पडली आणि तीच जपानला गेल्यावर चार दिवसांत साधारण ५०,००० बुकिंग होऊन नोंदणी थांबवायची वेळ आली. टाटाची सिएरा नोव्हेंबर २०२५मध्ये परतली ती पुढच्या चाकांवर, मागच्या वळणदार काचेची फक्त आठवण ठेवून, फोर-बाय-फोर सुरुवातीला नाहीच.

ठाण्यात या गाड्यांची पहिली परीक्षा डोंगरात नाही, सोसायटीत होते. थारची उंची साधारण १८५० मिलिमीटर, बऱ्याच स्टॅक पार्किंगचा (एकावर एक गाड्या ठेवायच्या) खालचा कप्पा सेडानच्या मापाचा, त्यामुळे वॉचमन आधी छताकडे बघतो आणि मग मालकाकडे. येऊरला जाऊन गाडी रस्त्याखाली उतरवायची म्हणाल तर तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे हे चालत नाही.

गॅरेजवाला प्रकार वेगळा. मिलिटरी डिस्पोजलची किंवा कुणाच्या वाडीत पडलेली जीप उचलून आणतात, खाडीच्या हवेने तळाचा पत्रा पापडासारखा झालेला असतो, तो कापून नवीन वेल्डिंग, मग इंजिन, मग डिस्क ब्रेक. पण सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय की गाडी कंपनीच्या मूळ मापापलीकडे बदलता येत नाही, इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. म्हणून जाणता मेकॅनिक पाना हातात घ्यायच्या आधी चेसिसवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला गंज पॉलिश पेपरने हळू हळू घासतो, वर कागद धरतो आणि पेन्सिल आडवी फिरवून आकडे उमटतात का बघतो. सगळे उमटले तरच जीप घेतो, एक जरी पुसट निघाला तर चहा पाजून मालकाला परत पाठवतो.