पोहणं शिकावं लागत नाही, बाकीचं लागतं

माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, असं आपण म्हणतो. हंसाच्या पिल्लालाही लागत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत ते पाण्यात उतरतं आणि सरळ पाय मारू लागतं. खरी दमछाक होते ती त्याआधी, कवच फोडताना.

युरोपातल्या तळ्यांवर दिसणाऱ्या, नारिंगी चोचीच्या मूक हंसाचंच पाहा. मादी बहुधा पाच ते सात अंडी घालते, तीही दिवसाआड. पण सगळी अंडी घालून होत आल्याशिवाय ती उबवायला बसत नाही. ऊब नसल्यामुळे आधीच्या अंड्यांतली वाढ थांबून राहते. मग पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात आठवड्याहून जास्त अंतर असलं तरी पिल्लं जवळपास एकदमच बाहेर येतात. तसं नसतं तर थोरलं पाण्याकडे निघालेलं आणि धाकटं अजून अंड्यात. आईने सांभाळायचं कुणाला?

साधारण 36 दिवस उबवल्यावर अंड्यात हालचाल सुरू होते. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची छोटी पोकळी असते. पिल्लू आतला पापुद्रा फाडून त्या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं, तो कवचाच्या आतच! आतून चिवचिव ऐकू येते, आई बाहेरून हलकेच साद देते. वरच्या चोचीच्या टोकावर एक टणक टोचा असतो, पुढे तो गळून पडतो. त्याने टोचत, थांबत, पुन्हा टोचत पिल्लू कवचाला गोल चीर पाडतं. यात कित्येक तास जातात. बाहेर येतं तेव्हा ते ओलं, लडबडलेलं असतं आणि त्याचं वजन पाव किलोही भरत नाही. अंगावरची लव वाळली की तेच पिल्लू करड्या कापसाच्या गोळ्यासारखं दिसू लागतं. पोटात उरलेल्या बलकाची शिदोरी असते, म्हणून सुरुवातीला खायला मिळालं नाही तरी भागतं.

लवेत हवा अडकते, त्यामुळे पिल्लू बुचासारखं तरंगतं. बोटांमधला पडदा जन्मापासूनच असतो, तेच त्याचं वल्हं. अडचण असते थंडीची. दमलेली, गारठलेली पिल्लं आईच्या पाठीवर चढून पंखांच्या आडोशाला बसतात. खालून मोठा मासा गिळायला टपलेला असला, तरी तिथे भीती नाही.

मग शिकायचं काय? पहिलं म्हणजे कुणाच्या मागे जायचं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1930च्या दशकात करड्या हंसकांच्या, म्हणजे हंसांच्या जवळच्या नातलगांच्या, पिल्लांवर हे दाखवून दिलं. जन्मल्यावर लोरेन्झच समोर दिसले, तर पिल्लं त्यांनाच आई समजून मागे फिरत. दुसरं म्हणजे खायचं काय. तळाचं शेवाळ पिल्लांच्या आखूड मानेला गाठता येत नाही. आईबाप लांब मान बुडवून ते उपटून वर आणतात, कधी पायांनी पाणी ढवळतात. वर आलेले तुकडे टिपताना पिल्लं एकमेकांच्या चोचीतलंही हिसकावतात.