हायपर-व्ही की प्रॉक्समॉक्स? विंडोजचं लायसन्स ह्या भांडणात नाहीच

सर्व्हर बदलायची गोष्ट निघाली की नागपुरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. हिंगणा एमआयडीसीतला कारखानदार म्हणतो, "हायपर-व्ही तर विंडोजसोबत फुकट येते ना भाऊ, मग दुसरं कायले घ्यायचं?" आणि धंतोलीतल्या हॉस्पिटलचं कॉम्प्युटरचं काम पाहणारा पोरगा सांगतो, "प्रॉक्समॉक्स टाकून द्या, विंडोजच्या लायसनचा खर्चच वाचते." दोघांची चूक एकच आहे. हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स ही एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी, म्हणजे व्हर्च्युअलायझेशनची सॉफ्टवेअरं. व्हर्च्युअलायझेशनचा खर्च आणि त्याच्या आत चालणाऱ्या विंडोजचा खर्च हे दोघं एकाच खात्यात मांडतात. ह्या गोंधळापायी लोक चुकीचा सर्व्हर घेतात, चुकीचं लायसन्स घेतात आणि लायसन्सच्या तपासणीची नोटीस आली की धावपळ करतात.

हा प्रश्न एवढ्यात जास्त विचारला जातो त्याला कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ह्याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून सगळं वर्गणीवर नेलं. एक-दोन सर्व्हरच्या धंद्याला ते परवडेना. तेव्हापासून पर्यायांच्या यादीत शेवटी ही दोनच नावं उरतात.

वाचणाऱ्याला विंडोज सर्व्हर नीट येतो असं धरून चालतो, म्हणून हायपर-व्हीवर फार बोलत नाही. विंडोज सर्व्हर २००८ पासून ते विंडोजमध्येच एक रोल म्हणून आहे. रोल चालू करायचा, मशीन रीस्टार्ट करायची, हायपर-व्ही मॅनेजर उघडायचा. एक मात्र लक्षात घ्या: 'हायपर-व्ही सर्व्हर' नावाचं जे वेगळं, खरंच फुकट उत्पादन होतं त्याची शेवटची आवृत्ती २०१९ ची. तिचा सपोर्ट जानेवारी २०२९ मध्ये संपतो आणि २०२२ ची आवृत्ती कधी आलीच नाही. आज नव्या सर्व्हरवर ती टाकून देणारा व्हेंडर तुमचं भलं करत नाही.

प्रॉक्समॉक्स व्हीई व्हिएन्नाच्या एका कंपनीचं. खाली डेबियन लिनक्स, पूर्ण मशीनसाठी केव्हीएम, हलक्या लिनक्स कंटेनरसाठी एलएक्ससी आणि वर ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवर उघडणारं पॅनल. सोर्स कोड खुला आहे. पैसे भरायचे ते सपोर्टचे आणि कंपनीने जास्त तपासलेल्या अपडेटचे, दर वर्षी, सॉकेटच्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) हिशोबाने. पैसे भरले नाहीत म्हणून एकही सुविधा बंद होत नाही.

वेगाबद्दल वाद घालू नका. तीस-चाळीस माणसं टॅली आणि एक एसक्यूएल डेटाबेस वापरतात तिथे दोन्हींमधला फरक कोणालाच जाणवणार नाही. फरक पडतो तो डिस्क कोणती घेतली ह्याने. 'टाइप वन' (थेट हार्डवेअरवर चालणारं) की 'टाइप टू' (दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर चालणारं) हा वादही इथे गैरलागू आहे, दोन्ही थेट हार्डवेअरवरच चालतात.

आता मुद्द्याचं.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स त्या लोखंडी डब्यातल्या भौतिक कोअरवर लागतं. वर हायपर-व्ही आहे, प्रॉक्समॉक्स आहे की व्हीएमवेअर, ह्याच्याशी त्या हिशोबाला देणंघेणं नाही. महानगरपालिका घरपट्टी बांधकामाच्या क्षेत्रफळावर लावते, सिमेंट कोणत्या कंपनीचं वापरलं ह्यावर नाही, तसंच हे. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा जादा पैशाचा करार) किंवा वर्गणी घेतली तर व्हीएमच्या हिशोबानेही लायसन्स घेता येतं, पण नेहमीच्या विकत घेतलेल्या लायसन्समध्ये व्हीएमला तुम्ही चारच कोअर दिले असतील, तरी सर्व्हरमधल्या सगळ्या कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. व्हीएमला ठरावीक कोअरवर बांधून ठेवलं तरी हिशोब कमी होत नाही. वर किमान मर्यादा आहे: प्रत्येक प्रोसेसरला निदान ८ आणि प्रत्येक सर्व्हरला निदान १६ कोअर. तुमच्या मशीनमध्ये ८ च कोअर असले तरी १६ चे पैसे.

सगळे कोअर एकदा लायसन्सने झाकले की स्टँडर्ड एडिशनमध्ये विंडोजच्या २ व्हीएम चालवता येतात. आणखी २ हव्या असतील तर सगळे कोअर पुन्हा एकदा झाकायचे. डेटासेंटर एडिशनमध्ये व्हीएमना मर्यादा नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या जाहीर किमतींत ती स्टँडर्डच्या साधारण पावणेसहा पट आहे. म्हणजे एका सर्व्हरवर विंडोजच्या १० व्हीएमपर्यंत स्टँडर्डच स्वस्त पडते, त्याच्या पुढे डेटासेंटर.

उदाहरण घेऊ. बुटीबोरीत सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे असं धरा. त्याला विंडोजच्या ५ व्हीएम पाहिजेत: डोमेन कंट्रोलर, टॅलीसाठी रिमोट डेस्कटॉप, एसक्यूएल, फाइल सर्व्हर आणि हजेरीच्या मशीनचं सॉफ्टवेअर. व्हेंडरने रुबाबात दोन प्रोसेसरचा, १६ अधिक १६ असा ३२ कोअरचा सर्व्हर सुचवला. ३२ कोअरवर २ व्हीएम, ६४ वर ४, आणि पाचवीसाठी ९६ कोअरचं लायसन्स. हेच काम एका १६ कोअरच्या, पण जास्त क्लॉकच्या प्रोसेसरवर आरामात होतं, आणि तिथे लायसन्स लागतं ४८ कोअरचं. बरोब्बर अर्धं. हा पैसा हायपर-व्ही निवडून वाचला नाही आणि प्रॉक्समॉक्स निवडूनही नाही. तो प्रोसेसर निवडताना वाचला. लहान धंद्याला दोन सॉकेटचा सर्व्हर विकण्याची सवय मला मनापासून खटकते. गिऱ्हाईक जास्त कोअर पाहून खूश होतं आणि त्या रिकाम्या कोअरवर मायक्रोसॉफ्टला पैसे भरत राहतं.

फाइल सर्व्हर आणि त्याच्यासारखं आणखी एखादं काम लिनक्सवर नेलं, तर विंडोजच्या व्हीएम ५ वरून ३ वर येतात आणि लायसन्स ४८ वरून ३२ वर. पण लिनक्सच्या व्हीएम हायपर-व्हीवरसुद्धा उत्तम चालतात. ही बचत आत काय चालतं त्याची आहे, खाली काय आहे त्याची नाही.

कोअर मोजतानाही गफलत होते. प्रॉक्समॉक्सच्या समरी पानावर प्रोसेसरच्या नावाआधी ३२ असा आकडा दिसतो आणि माणूस ३२ कोअर धरून बसतो. तो आकडा थ्रेडचा, म्हणजे हायपरथ्रेडिंगमुळे एका कोअरचे जे दोन दिसतात त्यांचा असतो. हायपरथ्रेडिंग चालू असलेल्या १६ कोअरच्या प्रोसेसरवर ३२ च दिसणार. लायसन्सला भौतिक कोअरच मोजायचे, तेव्हा शेलमध्ये एलएससीपीयू चालवून 'कोअर पर सॉकेट' ही ओळ पाहा, किंवा सरळ प्रोसेसरचा मॉडेल नंबर तपासा.

मग दोघांत पैशाचा खरा फरक कुठे आहे? होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालतात त्या मूळ मशीनवर. हायपर-व्हीला खाली विंडोज सर्व्हर लागतोच. स्टँडर्डमध्ये त्या होस्टवरचा विंडोज वेगळा मोजत नाहीत, पण अट अशी की त्याने फक्त व्हीएम चालवायच्या आणि सांभाळायच्या. आणि आपल्याकडे काय करतात? होस्टवर हायपर-व्ही चालू करतात, त्याच होस्टवर टॅली टाकतात, प्रिंटर शेअर करतात, फाइलींचा फोल्डर उघडून देतात. तसं केलं की दोनपैकी एक व्हीएमचा हक्क गेला. लायसन्सचं सोडा, कोणी मेलमधली भलती फाइल उघडली आणि रॅन्समवेअर होस्टपर्यंत पोहोचलं की सगळ्या व्हीएमच्या डिस्क एका फटक्यात जातात. होस्टवर हायपर-व्हीशिवाय काहीही ठेवू नये. इथे मी कोणाचंच ऐकत नाही.

उलट सगळ्या व्हीएम लिनक्सच्याच असतील, तर हायपर-व्हीसाठी होस्टचं विंडोज विकत घ्यावं लागेल आणि प्रॉक्समॉक्सला काहीच लागणार नाही. तिथे प्रॉक्समॉक्स खरंच स्वस्त आहे. दुसऱ्या टोकाला, डेटासेंटर एडिशन घेतली असेल तर हायपर-व्हीवरच्या विंडोज व्हीएम आपोआप ॲक्टिव्हेट होण्याची सोय आहे, ती प्रॉक्समॉक्सवर मिळत नाही. ती सोय आहे, सूट नाही.

दोन सर्व्हर जोडून एक बंद पडला तर दुसऱ्यावर व्हीएम चालू व्हाव्यात, असं करायचं असेल तर हिशोब आणखी वाढतो. दोन्ही सर्व्हरवर, त्यांच्यावर एका वेळी जास्तीत जास्त जितक्या विंडोज व्हीएम येऊ शकतात तितक्यांचं लायसन्स पाहिजे. लायसन्स ह्या मशीनवरून त्या मशीनवर ९० दिवसांत एकदाच हलवता येतं, हार्डवेअर कायमचं गेलं तर गोष्ट वेगळी. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स तर हलवताच येत नाही. हेही दोन्ही प्लॅटफॉर्मवर तंतोतंत सारखं.

ह्याशिवाय वापरणाऱ्या माणसांचं किंवा उपकरणांचं कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचं लायसन्स वेगळं, आणि रिमोट डेस्कटॉपवर टॅली वापरणाऱ्यांचं आरडीएस कॅल त्याहून वेगळं. आरडीएसला १२० दिवसांची मुदत मिळते. ती संपली की रजिस्ट्रीतली नोंद उडवून पुन्हा १२० दिवस मिळवून देणारे लोक आहेत, आणि गिऱ्हाइकाला वाटतं व्हेंडरने काम 'फिट' करून दिलं. तसंच १८० दिवसांच्या मूल्यमापन आवृत्तीवर चालणारा सर्व्हर. मुदत संपल्यावर तो स्वतःहून बंद पडत राहतो, आणि मार्चअखेरीला सीएच्या ऑफिसमध्ये हे होणं परवडणारं नाही. हजार रुपयांत ऑनलाइन मिळालेली 'प्रॉडक्ट की' ॲक्टिव्हेट झाली म्हणजे लायसन्स मिळालं असंही नव्हे. बिल आणि लायसन्सचा कागद पाहिजे.

म्हणून कोटेशन मागताना हायपरव्हायजर (हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स), विंडोज सर्व्हरचे कोअर, कॅल आणि आरडीएस कॅल ह्यांच्या ओळी वेगवेगळ्या मागा. 'सर्व्हर विथ विंडोज' अशी एकच ओळ असलेलं कोटेशन परत पाठवा.

पैशाचा प्रश्न असा बाजूला झाला की बाकी फरक रोजच्या कामाचे उरतात. प्रॉक्समॉक्सवर पहिल्यांदा विंडोज टाकणारा एका जागी हमखास अडकतो: इन्स्टॉलेशनमध्ये डिस्कची यादीच रिकामी दिसते. डिस्क खराब नसते. विंडोजजवळ व्हर्टआयओचा, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या आभासी डिस्कचा ड्रायव्हर नसतो. व्हर्टआयओ-विनची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडायची, 'लोड ड्रायव्हर' दाबायचं, व्हीआयओएससीएसआय फोल्डरमधून आपल्या विंडोजचा ड्रायव्हर निवडायचा, की डिस्क दिसते. नंतर त्याच आयएसओतून नेटवर्कचा ड्रायव्हर आणि गेस्ट एजंट टाकायचा. ह्यावर वैतागून डिस्क जुन्या आयडीई प्रकारची करून टाकणारे पुढे वर्षभर 'प्रॉक्समॉक्स स्लो आहे' म्हणत फिरतात.

वर्गणी न घेणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. लॉगिन करताना वर्गणी नसल्याची जी खिडकी येते ती घालवण्यासाठी फाइलींत काटछाट करू नका. त्यापेक्षा एंटरप्राइझ रिपॉझिटरी (वर्गणीवाल्यांना अपडेट देणारी जागा) बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' रिपॉझिटरी चालू करा. ते केलं नाही तर अपडेट करताना ४०१ ची एरर येते, आणि सर्व्हर वर्षानुवर्षं बिनाअपडेटचा पडून राहतो.

यूएसबी डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी लायसन्सची पेनड्राइव्हसारखी किल्ली) हा आपल्याकडे मोठा प्रश्न आहे, कारण डिझाइनची, लॅबची कितीतरी सॉफ्टवेअरं अजून डोंगलवर चालतात. प्रॉक्समॉक्समध्ये हार्डवेअर टॅबवरून डोंगल थेट व्हीएमला देता येतो. हायपर-व्हीत तशी सरळ सोय नाही, नेटवर्कवरून यूएसबी देणारं वेगळं सॉफ्टवेअर किंवा डबा घ्यावा लागतो. बॅकअपलाही त्याच कंपनीचा वेगळा, फुकट वापरता येणारा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर मिळतो आणि बदललेला भागच साठवतो. फक्त तो त्याच सर्व्हरवर बसवू नका. दुसरी मशीन पाहिजे, शक्यतो दुसऱ्या खोलीत. मे महिन्यात इतवारीतल्या पोटमाळ्यावर एसी बंद पडला तर सर्व्हर आणि बॅकअप सोबतच तापायला नको. प्रॉक्समॉक्सचे दोनच सर्व्हर जोडायचे असतील तर तिसऱ्या मतासाठी एखादं छोटं मशीन क्यूडिव्हाइस म्हणून ठेवा, नाहीतर एक गेला की दुसराही बहुमताअभावी व्हीएम चालू करणार नाही. हायपर-व्हीच्या क्लस्टरलाही (जोडलेल्या सर्व्हरना) असंच मत देणारा विटनेस लागतोच.

माझं मत विचाराल तर एक-दोन सर्व्हरच्या धंद्याला मी प्रॉक्समॉक्सच सांगेन. डोंगलसाठी, बॅकअपसाठी, आणि होस्टवर टॅली टाकायचा मोह तिथे होतच नाही म्हणून. अट एकच: लिनक्सची एरर वाचून समजणारा माणूस नागपुरात, फोन केल्यावर तासाभरात येईल असा पाहिजे. ऑफिसात फक्त विंडोज येणारी माणसं असतील तर हायपर-व्ही घ्या आणि निर्धास्त राहा, त्यात कमीपणा काही नाही. आणि हॉस्पिटल किंवा कारखान्याचं मुख्य सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं असेल, तर निवड करण्याआधी त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या की प्रॉक्समॉक्सवर चालवलं तर सपोर्ट देणार की नाही. काही कंपन्या फक्त हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर मान्य करतात. तसं उत्तर आलं तर ती एक व्हीएम असलेला सर्व्हर हायपर-व्हीवर ठेवा.